गोड्या पाण्यावरचे खारे वारे

दोन मार्च, पहाटे पाच वाजून पन्नास मिनिटे. मोर्शीच्या पुढच्या धरणावर माझी मामी एका जुन्या शिडाच्या बोटीचे सुकाणू धरून बसली होती आणि "पश्चिमेले सरक वं, क्षितिज झाकून राहिली तू" असे मला बजावत होती. ही बोट येण्याआधी ती आयुष्यात साध्या होडीतही बसलेली नव्हती. वऱ्हाडाला समुद्र नाही, ही गोष्ट येथील साऱ्या जनतेने पिढ्यान्‌पिढ्या निमूटपणे स्वीकारली आहे. ती व्यक्तिगत अपमान म्हणून मनाला लावून घेतलेली व्यक्ती माझ्या माहितीत एकच आहे, आणि ती म्हणजे माझी मामी.

मामी अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत असे. आता ती निवृत्त झाली आहे, म्हणजे शाळेतून, भूगोलातून नव्हे. तिच्या घरात डावे-उजवे आणि मागे-पुढे हे शब्द चालत नाहीत. पोह्यांचा डबा आग्नेयेच्या फळीवर असतो, चाव्या पश्चिमेच्या खिळ्याला असतात आणि पाहुणा जेवायला बसला की "मीठ वरनाच्या दक्षिणेले हाय" असे त्याला सांगितले जाते. नवखा पाहुणा भिंतीवरच्या देवघरावरून दिशा ताडण्याचा प्रयत्न करतो आणि शेवटी अळणीच जेवतो. एकदा ती ऑटोवाल्याला म्हणाली, "चौकातून वायव्येले घे." त्याने ऑटो थांबवून अदबीने विचारले, "बाई, हे वायव्य नगर कोन्या बाजूले आलं? नवीन लेआउट हाय काय?" लग्नपत्रिकेवर कार्यालयाचा नकाशा असेल आणि त्यात उत्तर दाखवणारा बाण नसेल, तर मामी त्या लग्नाला जात नाही. माझ्या सख्ख्या भावाची पत्रिका तिने लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवली होती, खाली शेरा होता: "प्रमाण दिलेले नाही." आम्ही अमरावतीचे लोक तिला नकाशा न काढता निमंत्रण देतो, ते तेव्हापासून.

मामांचा स्वभाव नेमका उलट. ते दर्यापूरकडच्या शेतकरी घरातले, नोकरी मात्र आयुष्यभर बँकेत केली. जे हाताला लागत नाही आणि शिक्क्याखाली येत नाही त्यावर त्यांचा विश्वास नाही. ते मामीला 'मास्तरीनबाई' म्हणतात आणि या एका शब्दात आदर, कंटाळा व अभिमान यांचे प्रमाण रोज बदलते. दोघांच्या संसारातला मूळ वाद खाऱ्या वाऱ्यांचा. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, म्हणून वारा पाण्याकडून जमिनीकडे येतो, ते खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून तो जमिनीकडून पाण्याकडे जातो, ते मतलई वारे. मच्छीमार पहाटे मतलई वाऱ्यांबरोबर समुद्रात जातात आणि दिवसा खाऱ्या वाऱ्यांबरोबर परततात. मामी हा धडा पदर फडकावून, अंगविक्षेपांसह शिकवी. एके वर्षी शेवटच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "बाई, आपल्याइकडे काहून येत नाई हे वारे?" मामीने तत्क्षणी उत्तर दिले की पाणी मोठे असले म्हणजे झाले, आपल्या धरणांवरही ते येतात. संध्याकाळी हे तिने कौतुकाने मामांना सांगितले आणि मामांच्या हातातला अडकित्ता थांबला.

"गोड पान्यावरून खारे वारे?" ते म्हणाले. "अवो मास्तरीनबाई, उद्या तुमी उसाच्या रसातून मीठ काढसान!"

माझे सारे बालपण या वादाच्या सावलीत गेले. पुढे मी भौतिकशास्त्र घेतले तेव्हा घरात आनंद झाला तो एवढ्याचसाठी की आता घरचा पंच मिळाला. मी निवाडा दिला: मोठ्या जलाशयावर असे वारे तत्त्वतः शक्य आहेत, आपल्या धरणावर ते जाणवण्याइतके असतात का, हे मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. दोन्ही पक्ष माझ्यावर सारखेच रागावले. मात्र मामीने त्यातला 'मोजल्याशिवाय' हा शब्द उचलला. काठावर उभे राहून मोजणे तिला मान्य नव्हते. पुस्तकात जाणे आणि परत येणे असे दोन्ही आहे; तेव्हा एका वाऱ्याने जायचे, दुसऱ्याने परतायचे, मध्ये इंजिन नाही आणि वल्हे नाही. "जाऊन वापस येऊ तवाच सिद्ध होईन," ती म्हणाली. प्रयोगाची ही रचना निर्दोष होती, हे मला कबूल करावे लागले. उणीव एकच होती. अकोल्यात शिडाची बोट मिळत नाही.

ती तिला गेल्या दिवाळीत सापडली, मोबाइलवर, कोकणातल्या एका जाहिरातीत. न्याहारीच्या वेळी मामीने ती मोठ्याने वाचली: "जुनी फायबर ग्लासची शिडाची बोट, सव्वीस फूट, चार माणसांची झोपण्याची सोय, दोन नांगरांसह, मालकाचे वय झाल्याने देणे आहे." मामा वर्तमानपत्रामागे होते. 'दोन नांगरांसह' ऐकताच वर्तमानपत्र खाली आले.

"लोखंडी हायत का दोनी?"

"लोखंडीच असतीन."

"मंग पाहून येऊ," मामा म्हणाले. "म्हातारा सारं आवरून राहिला दिसते. कोकनातल्या मानसाले नांगराची काय कदर!"

शेतकऱ्याच्या मुलाने हा शब्द ऐकून जमिनीकडे पाहावे हे स्वाभाविकच आहे. पण बोट जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या लोखंडी आकड्यालाही मराठीत नांगरच म्हणतात, हे भूगोलाच्या बाईंना पुरते ठाऊक होते. विद्यार्थ्याची चूक दिसताच ती सुधारणे हे शिक्षकाचे कर्तव्य. मामीने त्याऐवजी मामांच्या बशीत आणखी चहा ओतला.

मला बरोबर नेले ते तज्ज्ञ म्हणून. मी पवनचक्क्यांच्या पात्यांवर संशोधन करते आणि ती पाती फायबर ग्लासचीच असतात. "तुया पंख्याचंच मटेरियल हाय ते," मामी म्हणाली, "वाजवून पाह्य आन सांग. तू नाई म्हनली तं नाई घेत." कोकणातल्या त्या खाडीवर आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती आणि बोट चिखलात उभी होती. आडवी नव्हे, टेकवलेलीही नव्हे, उभी. बोटीचे मालक एक निवृत्त कप्तान होते, मामांहूनही वयस्कर, पांढऱ्या टोपीतले. त्यांनी समजावले की साध्या शिडाच्या बोटीला पोटाखाली मधोमध एक कणा असतो, ती पाणी ओसरले की कलंडते. हिला दोन कुशींना दोन कणे आहेत, म्हणून ही आपल्या पायांवर राहते. मामांनी बोटीला एक प्रदक्षिणा घातली. "बसली नाई," ते माझ्या कानाशी म्हणाले, "जनावर इमानी हाय." मामीला दुसरेच सुचले होते: उन्हाळ्यात धरणाचे पाणी मागे हटते, आणि हटलेल्या पाण्याची वाट पाहत गाळात उभी राहील अशी हीच एक बोट.

मी लाकडी हातोडी काढली. फायबर ग्लासचे थर एकमेकांना धरून असले तर ठोक्याला खणखणीत आवाज येतो आणि सुटले असले तर बद्द. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी बांधलेल्या त्या बोटीने, मागच्या बाजूची एक वीतभर जागा सोडली तर, सगळीकडे स्वच्छ उत्तर दिले. पाण्याखालच्या भागात मात्र बारीक फोड आले होते. अनेक वर्षे पाण्यात राहिले की वरच्या थरातून ओलावा आत झिरपतो आणि असे फोड येतात. ते घासून, वाळवून भरता येतात. मी हे सांगत असताना मामी गंभीरपणे बोटीच्या पोटावरून हात फिरवत होती.

"पानी लागून त्वचा खराब झाली म्हन ना सरळ. आतून कशी हाय?"

"आतून भक्कम आहे, मामी."

"मंग झालं. आपलंबी तसंच असते."

दरम्यान मामांना नांगर सापडला होता. तो बोटीच्या पुढच्या टोकावर लटकत होता आणि, हे मी पूर्ण जबाबदारीने नमूद करते, खरोखरच नांगरासारखा होता: लांब दांडी आणि टोकाला दोन्ही बाजूंनी उतरता फाळ. मामांनी फाळावर अंगठा फिरवला, दांडी हलवून पाहिली आणि कप्तानांना विचारले, "जू कुठी लावता याले?"

"जू?"

"बैल कुठी जुपता?"

साऱ्या जगाचे किनारे पाहून आलेल्या त्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिले. मी खाडीकडे पाहिले. "अहो, हा पाण्यात टाकतात," ते म्हणाले.

मामांनी क्षणभर विचार केला. "असं असं. धानाच्या बांदीत, चिखलात चालते म्हना."

"अवो, बोट थांबवाचा नांगर हाय तो!" मामी आतून ओरडली.

मामांनी फाळावरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, "हे तुले घरीच माहीत होतं."

"मी भूगोलाची बाई हाय," मामी म्हणाली.

प्रकरण येथेच मोडेल अशी माझी अटकळ होती. मामा बंधाऱ्यावर जाऊन पाठमोरे बसले. पण जरा वेळाने परत आले ते कप्तानांसाठी एक प्रश्न घेऊनच. "धरते का पक्कं?" कप्तान म्हणाले, वाळूत बरा धरतो, चिखलात उत्तम, फाळ रुतत जातो. "मंग आमच्या काळ्या मातीत हा सुटनार नाई," मामा म्हणाले. बोटीविषयी ते आपणहून बोलले ते हे पहिलेच वाक्य, आणि आमच्या घरच्या रीतीप्रमाणे तीच संमती. निघताना कप्तानांनी विचारले, "पण तुमच्याकडे समुद्र कुठला?" मामी परक्यांशी वर्गातल्या भाषेत बोलते. "समुद्र नाही," ती म्हणाली. "वारे आहेत." म्हाताऱ्याने टोपी काढून हातात घेतली आणि बोटीच्या पोटावर दोनदा थोपटले.

बोट लांबलचक ट्रकवरून अकोल्यात शिरली. पुढे बसलेल्या मामांना प्रत्येक चौकात "कोन्या मंडळाचा देखावा हाय, काका?" आणि "निवडनुका लागल्या काय?" या दोन प्रश्नांना उत्तरे द्यावी लागली. गल्लीतल्या बायकांनी बोटीला हळदकुंकू वाहिले. फाटके शीड शिवायला मंडपवाले भाई आले. शिवून झाल्यावर ते शीड डोलकाठीला कसे बांधतात हे पाहून अस्वस्थ झाले. "बाई, एवढा कपडा उभा लावसान तं हवा भरीन ना त्यात!"

"भरालेच पायजे, भाई."

"कमाल हाय," भाई म्हणाले. "आमची तं पूरी जिंदगी हवा भरू न देन्यात गेली."

धरणावर बोट उतरवण्याची परवानगी देणाऱ्या मॅडम मामीच्याच विद्यार्थिनी निघाल्या. अर्ज वाचण्याआधी त्या सवयीने उठून उभ्या राहिल्या. बोट पाण्यात तरंगली, एक थेंबही आत आला नाही, आणि मी मनातल्या मनात माझ्या हातोडीला प्रणाम केला. मामीपुढे मात्र अनपेक्षित संकट उभे राहिले. तिने बोटीतल्या कप्प्यांना रीतीप्रमाणे दिशा नेमून दिल्या होत्या आणि बोट वळताच आग्नेयेचा कप्पा वायव्येला गेला. आयुष्यात प्रथमच मामी हतबुद्ध झालेली मी पाहिली. मग तिने होकायंत्र मांडीवर घेतले आणि "आत्ता नैर्ऋत्येले असलेल्या कप्प्यातून, लवकर, वळाच्या आत, बिस्किटं काढ" अशी पद्धत सुरू केली.

तर, दोन मार्च. काठावर मामीच्या जुन्या विद्यार्थिनी जमल्या होत्या, काहींची मुले कॉलेजात जाणारी, सर्वांजवळ डबे. बोटीचे इंजिन चालत नव्हते, हे कप्तानांनी आधीच सांगितले होते आणि मामीला ते पथ्यावरच पडले होते. सुरक्षिततेसाठी मच्छीमारांची एक मोटारहोडी दोर घेऊन तयार ठेवली होती. त्या दोराकडे बोट दाखवून मामा सर्वांदेखत म्हणाले, "दोरीनं वापस आनाव लागलं तं काय, मास्तरीनबाई?"

मामीने काठाकडे पाहिले. "तं या पोरींसमोर सांगीन, का मी तुमाले इतके वर्षं चुकीचं शिकवलं."

हे ती गमतीने म्हणाली नव्हती. काठावरचे हसणे थांबले.

जाताना सारे पुस्तकात लिहिल्याप्रमाणे झाले. काठाकडून बारीक, थंड वारा येत होता. शीड भरले आणि आम्ही बैलगाडीच्या वेगाने, कसलाही आवाज न करता, आत गेलो. "मतलई," मामी म्हणाली, हजेरी घ्यावी तशी. मग सूर्य वर आला आणि वारा थांबला. भाईंनी शिवलेले शीड वाळत घातलेल्या लुगड्यासारखे लोंबू लागले. मामांनी नांगर टाकला. ते बोटीवर आले होते ते, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, केवळ तेवढ्याच कामासाठी. आम्ही थांबलो. वारा मोजायचे यंत्र मी हातात उंच धरले होते आणि ते शून्य दाखवत होते. मामांनी भाकर-ठेचा सोडला आणि वाऱ्याला हाक मारल्यासारखे "ये बापा, जेवाले ये" म्हणाले. काठावरून फोन आला, "बाई, दोर पाठवू काय?" मामीने "वर्गात शांत बसा" असे उत्तर देऊन तो बंद केला. ऊन चढत गेले. वाऱ्याचे चिन्ह दिसेना, तेव्हा मी माझ्या शास्त्राला धरून तिची समजूत घातली.

"मामी, शून्य हाही निष्कर्षच असतो."

"असते ना," मामी म्हणाली. "पन तो तुया शास्त्राचा. माया वर्गाचा नाई." आणि थोड्या वेळाने, कोणाकडेही न पाहता, तिच्या एरवीच्या आवाजाहून अगदी लहान आवाजात: "नाई आला तं?"

मामांनी ते ऐकले. मला वाटले, आता एवढ्या वर्षांचे उट्टे निघणार. तेवढ्यात मोटारहोडी न बोलावता जवळ आली आणि त्यातल्या माणसाने दोर उचलला. "फेकू काय, काका?"

"थांब रे बाबू," मामा म्हणाले. ते टोकाशी जाऊन गुडघ्यांवर बसले होते आणि नांगराच्या दोराशी झटत होते. "नांगर रुतला. काळी माती हाय खाली. सुटून नाई राहिला."

"मी येऊ का वढाले?"

"नोको, नोको. याले टाइम लागते. तू जाय तिकडं, सावलीत बस."

होडी निघून गेली. मामा पुन्हा झटू लागले, हुंकार देत, कपाळ पुसत. मी त्यांच्या मागेच उभी होते. त्यांच्या हातातला दोर पूर्ण सैल होता. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिले, आणि पंचाने याची नोंद करू नये असे त्या पाहण्यात स्पष्ट होते. मी केली नाही.

पाण्याच्या पलीकडच्या कडेला एक काळसर रेघ दिसली ती यानंतर. रेघ रुंद होत आमच्याकडे आली, तिच्या मागे पाणी बारीक शहारत होते. मग शिडाची कडा एकदा हलली, दुसऱ्यांदा हलली आणि बोटीने नांगराभोवती हळूच तोंड फिरवले. मामी उठून उभी राहिली. "अवो, काढा नांगर! आला!"

मामांनी दोर ताणला आणि त्यांचा चेहरा पालटला. "आत्ता खरंच सुटून नाई राहिला!"

मग आम्ही दोघांनी पाय रोवून ओढले, मामीने सुकाणू सोडून तिसरा हात लावला आणि काळ्या चिखलाचा लोंदा घेऊन नांगर वर आला. शीड फुगले. काठावरून टाळ्या, शिट्ट्या आणि एका बाळाचे रडणे ऐकू येऊ लागले. आम्ही परत निघालो होतो, दोराशिवाय. मामी सुकाणूवर परतली, पदर कमरेला खोचला, आणि तोंडी परीक्षा घ्यावी तसे तिने मामांना विचारले, "लागले का तोंडाले?"

"लागले."

"खारे हायत?"

मामांनी ओठांवरून जीभ फिरवली, विचार केला. "गोडे हायत," ते म्हणाले. "पन हायत."

मला वाटले, आता ती साऱ्या धरणाला ऐकू जाईल असे काही बोलेल. पण काठावरच्या मुली, आता केस पांढरे होऊ लागलेल्या, पाण्यात घोट्यापर्यंत उतरून हात हलवत होत्या आणि मामी त्यांच्याकडे पाहत होती. "इतक्या पोरींले मी हे नुसतं फळ्यावर लिहून देल्लं वं," ती हळूच म्हणाली. "कसं लागते, ते कोनालेच सांगतलं नाई. मलेच माहीत नोयतं." मामांनी आपला रुमाल काढून तिच्या दिशेने धरला आणि काठाकडेच पाहत राहिले. तिने तो घेतला. डोळ्यांना लावला की वाऱ्यात धरला, हे मला मागून दिसले नाही. मी यंत्र तिच्या खांद्याशी, तिच्या चेहऱ्याच्या उंचीवर धरले आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबले. वाऱ्याचा वेग, सेकंदाला दोन पूर्णांक एक दशांश मीटर.